पैसा कुणाचा, नजर कुणाची?

२०२४ च्या जूनमधला पहिला शनिवार. मुंबईचं मतदान होऊन १२ दिवस झाले होते, बोटावरची शाई नखाच्या कडेला अजून तग धरून होती, आणि थिएटरात 'मंथन' लागला होता. ४८ वर्षांपूर्वीचा सिनेमा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो निगुतीनं दुरुस्त केला होता आणि पंधरवड्यापूर्वीच तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला होता. गुजरातमधले ५ लाख शेतकरी हा सिनेमा सादर करत आहेत अशी अक्षरं पडद्यावर आली आणि टाळ्या पडल्या. दूध सोसायटीच्या निवडणुकीत सरपंच हरतो, तेव्हा पुन्हा पडल्या.

माझ्या शेजारच्या खुर्चीत माझे एक ज्येष्ठ स्नेही होते. फिल्म सोसायटीच्या चळवळीत त्यांचे केस पिकले. सोळा एमएमच्या रिळांचे डबे लोकलमधून वाहून नेलेली ही पिढी. श्याम बेनेगल हा त्यांच्या तारुण्याचा भाग. बाहेर येऊन चहा हातात घेतला तरी ते गप्पच होते. मग एकदम म्हणाले, "हा माणूस म्हातारपणी 'मुजीब' का करून बसला रे?"

"बोलावलं म्हणून केला," मी म्हणालो.

"तेच तर! बोलावणं आलं की जायचं आणि धन्याची आरती गायची. दरबारी गवयाचं काम हे."

"मग 'मंथन' कुणाच्या पैशावर झाला? मघाशी टाळ्या तर तुम्हीच वाजवल्यात."

त्यांनी कप खाली ठेवला, पण उत्तर दिलं नाही. जेमतेम सात-आठ महिन्यांपूर्वी, २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस, आम्ही दोघांनी असंच शेजारी बसून बांगलादेशचे संस्थापक मुजीबूर रहमान यांच्यावरचा 'मुजीब: द मेकिंग ऑफ अ नेशन' पाहिला होता. हिंदीत डब केलेला, बऱ्याचशा रिकाम्या थिएटरात. तेव्हा टाळ्या पडल्या नव्हत्या. एकाच दिग्दर्शकाचे दोन सिनेमे, दोन्ही राजकीय, दोन्ही दुसऱ्याच्या पैशावर केलेले. त्यातला जुना तरणाबांड वाटला आणि नवा थकलेला. असं का, यावर आमचा वाद वर्षभर चालू राहिला. मध्यंतरी ढाक्यात सत्ता उलटली आणि मुंबईत बेनेगल गेले, तरी तो मिटला नाही.

नेहमीच दुसऱ्याचा पैसा

कलात्मक सिनेमाच्या चाहत्यांमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे, की तरुणपणी दिग्दर्शक स्वतंत्र असतो आणि उतारवयात विकला जातो. बेनेगलांच्या बाबतीत ती पहिल्याच पायरीवर घसरते, कारण हा दिग्दर्शक तसा 'स्वतंत्र' कधीच नव्हता. सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरीत वाढलेला, छायाचित्रकाराचा मुलगा. घरात कोकणी बोलली जायची आणि गुरुदत्त नात्यातला. मुंबईत येऊन तो जाहिरातीच्या धंद्यात शिरला. जाहिरातवाल्याला ग्राहक असतो, हे त्याच्या अंगी पहिल्यापासून मुरलेलं होतं.

१९७४ चा 'अंकुर' ब्लेझ या जाहिरातपटांच्या वितरण कंपनीच्या पैशावर उभा राहिला. 'मंथन'साठी दूध उत्पादकांनी माणशी २ रुपये दिले. १९८२ चा 'आरोहण' कुळांच्या हक्कांवरचा, त्याला पैसा पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारचा. विणकरांवरच्या 'सुस्मन'मागे हातमाग सहकारी संस्था होत्या. 'द मेकिंग ऑफ द महात्मा' भारत आणि दक्षिण आफ्रिकेची संयुक्त निर्मिती, आणि 'हरी-भरी' कुटुंब कल्याण खात्याचा. सरकारी पैसा घेणं हाच गुन्हा मानायचा, तर अर्धेअधिक बेनेगल निकालात निघतील.

तीच फूटपट्टी आपल्याकडच्या डॉ. जब्बार पटेलांना लावून पाहा. त्यांचा २००० सालचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' केंद्र आणि महाराष्ट्र सरकारच्या पैशावर झाला. तरी त्यातले बाबासाहेब गांधीजींशी तोंडावर भांडतात आणि पुणे कराराचा सल लपवला जात नाही. सरकारी तिजोरीतून धारदार सिनेमा निघू शकतो. 'दरबारी' या एका शब्दात हा निवाडा होण्यासारखा नाही.

आणि माणूस म्हणूनही बेनेगल दरबारी नव्हते. सेन्सॉर बोर्डाच्या सुधारणेसाठी २०१६ मध्ये सरकारनं त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तर बोर्डानं प्रमाणपत्र द्यावं, कात्री चालवू नये, अशा दिशेच्या शिफारशी त्यांनी केल्या. जमावाकडून होणाऱ्या हत्यांबद्दल २०१९ मध्ये ४९ नामवंतांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. त्यावर ८४ वर्षांच्या बेनेगलांचीही सही होती. त्या पत्रावरून मुझफ्फरपूरला गुन्हा दाखल झाला आणि पुढे पोलिसांनीच तो बंद केला. भ्यायलेल्या म्हाताऱ्याची ही लक्षणं नव्हेत.

मग 'मुजीब'चं काय चुकलं?

पैसेवाल्याकडे पाहायची मुभा

त्या दिवशी 'मंथन' पाहताना मला जे जाणवलं ते असं: ५ लाख शेतकऱ्यांनी पैसे दिले आणि सिनेमानं त्यांचंच गाव नागडं करून दाखवलं. सोसायटीच्या दारात दलितानं वेगळ्या रांगेत उभं राहावं असं वाटणारे लोकही शेतकरीच. शहरातून आलेला, गिरीश कर्नाडांनी साकारलेला डॉक्टर राव सज्जन आहे, पण त्याचंही चुकतं, गावातल्या बिंदूच्या बाबतीत तो कच खातो आणि शेवटी बदली होऊन निघून जातो. सहकाराची जाहिरात करायला निघालेल्या सिनेमात सहकाराचा नायक हरून गाडीत बसतो. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. धन्यालाही सुटका न देणं हे तेंडुलकरांचं आणि तरुण बेनेगलांचं समान व्यसन.

'भूमिका'तही हेच. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' हातात असताना त्यांनी त्यातल्या बाईला ना सती केलं ना बळी. उषा चुकते, परत जाते, पुन्हा चुकते. आत्मचरित्र लिहिणाऱ्याच्या शब्दाला मान द्यायचा, पण त्याच्या कलानं जायचं नाही, हे त्यांना जमत होतं.

१९९९ च्या 'समर'मध्ये तर त्यांनी नजर स्वतःकडेच वळवली. दलितांवरच्या अत्याचारावर सिनेमा काढायला मुंबईचं पथक खेड्यात जातं आणि तीच जात चित्रीकरणाच्या पथकात डोकं वर काढते. आपल्या किशोर कदमची ओळख मोठ्या पडद्याला झाली ती याच सिनेमातून. दुसऱ्याच्या दुःखावर सिनेमा काढणारा स्वतः कुठे उभा असतो, हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारलेला हिंदी सिनेमा मला दुसरा आठवत नाही.

म्हणजे पैसा कुणाचा, याच्या आधी विचारायचा प्रश्न हा, की पैसा देणाऱ्याकडे रोखून पाहायची मुभा सिनेमानं घेतली की नाही. 'मंथन'नं ती घेतली. 'आरोहण'ला ती निम्मी मिळाली, कारण त्यातला जमीनदार खलनायक आणि कायदा तारणहार हे आधीच ठरलेलं होतं. तरी ओम पुरींचा हरी मंडल कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना ज्या तऱ्हेनं खचत जातो, त्यातून सरकारच्या संथपणाचाही हिशेब निघतो. 'मुजीब'मध्ये पैसा भारत आणि बांगलादेश या दोन देशांच्या सरकारांचा होता, आणि त्यातल्या एका सरकारच्या प्रमुख खुद्द नायकाच्या कन्या होत्या.

'घडण' या शब्दाची ओढ

बेनेगलांच्या उत्तरकाळातली एक ओढ त्यांनी निवडलेल्या नावांतूनच दिसते. 'द मेकिंग ऑफ द महात्मा', 'द मेकिंग ऑफ अ नेशन', आणि मध्ये राज्यघटना घडतानाची 'संविधान' मालिका. माणूस आणि राष्ट्र घडतं कसं, हा 'भारत एक खोज' मालिकेपासूनचा त्यांचा ध्यास. ही नेहरूंच्या छायेत वाढलेल्या पिढीची श्रद्धा आहे. राष्ट्र ही आपोआप उगवलेली गोष्ट नसून माणसांनी वाद घालत, ठेचकाळत बांधलेली वस्तू आहे, असं ही पिढी मानते.

ही श्रद्धा सिनेमाला मारक असते असं नाही. १९९६ च्या 'महात्मा'त गांधी अजून मोहनदास आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या २१ वर्षांचा तो सिनेमा. त्यातले मोहनदास घरात हट्टी आहेत, कस्तुरबांवर आपली तत्त्वं लादतात आणि मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत आंधळे होतात. पल्लवी जोशींच्या कस्तुरबा नवऱ्यापुढे नुसत्या माना डोलवत नाहीत. महात्मा व्हायच्या आधीचा माणूस निवडल्यामुळे दिग्दर्शकाला दोष दाखवायची जागा मिळाली.

२००५ च्या नेताजींवरच्या सिनेमात, ज्यात सचिन खेडेकर सुभाषबाबू झाले, बेनेगलांनी एमिली शेंकलशी झालेलं लग्न आणि विमान अपघात या दोन्ही गोष्टी दाखवल्या. त्यावरून कोलकात्यात भक्तांनी गदारोळ केला. सिनेमा पसरट होता, पण भक्तांना रुचणार नाही असं काही सांगायची त्याची तयारी होती.

आणि मग येते २०१४ ची 'संविधान'. राज्यसभा टीव्हीसाठी केलेली १० भागांची मालिका, पटकथा शमा झैदी आणि अतुल तिवारी यांची. पुन्हा सचिन खेडेकर, या वेळी आंबेडकर म्हणून. पैसा संसदेच्या वाहिनीचा, म्हणजे याहून सरकारी काय असणार? वरवर पाहता ही मालिका रूक्ष आहे. खुर्च्यांवर बसलेली माणसं बोलतात, उठतात, पुन्हा बोलतात. सेट जुजबी, कॅमेरा फारसा हलत नाही. पण घटना समितीत एक नायक नव्हता. जयपालसिंग मुंडा आदिवासींच्या वतीनं उभे राहतात, हंसा मेहता स्त्रियांचं म्हणणं मांडतात, हसरत मोहानी कुणालाच जुमानत नाहीत. प्रत्येक मताला समोरून उत्तर येतं. शंका घ्यायचं काम दिग्दर्शकानं वेगळं करायची गरजच उरत नाही, कारण शंका सभागृहातच बसलेली आहे. चित्रीकरणातली गरिबी वादाच्या श्रीमंतीनं भरून निघते.

त्याच सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात मात्र विभूतिपूजेची वाट अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे जाते. त्याच्याही आधी, १८ जानेवारी १९४३ ला पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात रानड्यांवर बोलताना त्यांनी हाच विषय सोलून काढला होता. घटना समितीची मालिका केलेल्या दिग्दर्शकानं, त्याच दोन पटकथाकारांना बरोबर घेऊन, नऊ वर्षांनी 'मुजीब' केला.

तीन तासांचा पुतळा

'मुजीब'ची हकीकत थोडक्यात अशी. २०१७ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या तेव्हा दोन देशांनी मिळून सिनेमा काढायचं जाहीर झालं. मार्च २०२० ला मुजीबूर रहमान यांची जन्मशताब्दी होती, पण कोविड आडवा आला. जानेवारी २०२१ मध्ये गोरेगावच्या चित्रनगरीत चित्रीकरण सुरू झालं. बांगलादेशी नट, बंगाली संवाद. मुजीब साकारणाऱ्या अरिफिन शुवो यांनी मानधन घेतलं १ टका. मे २०२२ मध्ये कानच्या बाजारात ट्रेलर दाखवला गेला आणि बांगलादेशात त्याची यथेच्छ टिंगल झाली. १३ ऑक्टोबर २०२३ ला सिनेमा तिकडे लागला, इकडे दोन आठवड्यांनी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ७ जानेवारी २०२४ ला, बांगलादेशात निवडणूक झाली आणि प्रमुख विरोधी पक्षानं तिच्यावर बहिष्कार टाकला.

सिनेमात चांगलं काय? रेणू. मुजीब यांच्या पत्नी फजिलतुन्नेसा. तिच्या निवेदनामुळे सभा, मोर्चे आणि तुरुंग यांच्या मधला घराचा उंबरठा दिसत राहतो. नवरा तुरुंगात असताना घर चालवणारी, त्याला आत वह्या पोचवून 'लिहा' म्हणणारी बाई. त्याच वह्यांतून मुजीब यांच्या आठवणी पुढे पुस्तकरूपात आल्या. नुसरत इमरोज तिशानं ती भूमिका मन लावून केली आहे. शेवटची पहाटही, १५ ऑगस्ट १९७५ ची, ढाक्याच्या धानमंडीत ३२ नंबरच्या रस्त्यावरच्या घरात घरच्यांसह, १० वर्षांचा मुलगा रसेल याच्यासह झालेली मुजीब यांची हत्या, अंगावर येते. आणि भाषेवरून देश घडू शकतो, धर्मावरून घडलेला देश भाषेवरून फुटू शकतो, हे आजच्या भारतातल्या प्रेक्षकाला सांगणं ही मोलाचीच गोष्ट.

पण या दोन टोकांच्या मध्ये पुतळ्याची मिरवणूक आहे. टुंगीपाडा, कोलकाता, भाषा आंदोलन, सहा कलमं, आगरताळा खटला, सत्तरची निवडणूक, ७ मार्चचं भाषण. एकेक थांबा येतो, गाडी थांबते, हार घातला जातो, गाडी निघते. अडचण खरी सुरू होते १९७२ नंतर. १९७४ चा दुष्काळ, रक्षी वाहिनीची दहशत, जानेवारी १९७५ ची घटनादुरुस्ती, एकच पक्ष, आणि जूनमध्ये चारच वर्तमानपत्रं शिल्लक. ज्यानं आयुष्यभर लोकशाहीसाठी तुरुंग भोगला, त्यानंच ती मोडीत का काढली? शोकांतिका इथं आहे. सिनेमा या भागातून पाहुण्यांच्या गर्दीत वाट काढावी तसा घाईनं निघून जातो. दोष भोवतालच्या माणसांच्या, कटवाल्यांच्या, परकीयांच्या वाट्याला येतो.

ताजुद्दीन अहमद यांचं उदाहरण घ्या. मुजीब पाकिस्तानच्या तुरुंगात असताना युद्धकाळातलं सरकार त्यांनी चालवलं. स्वातंत्र्यानंतर दोघांमध्ये अंतर पडलं आणि १९७४ मध्ये ताजुद्दीन मंत्रिमंडळाबाहेर गेले. मुजीब यांच्या हत्येनंतर अडीच महिन्यांनी त्यांनाही ढाक्याच्या तुरुंगात मारण्यात आलं. दोन जिवलगांच्या या दुराव्यात एक अख्खा सिनेमा आहे. आधुनिक उद्योगपतींच्या घरात महाभारत घडवणाऱ्या 'कलयुग'च्या दिग्दर्शकाला तो दिसला नसेल, हे मला पटत नाही. दिसला असेल, पण पैसा देणाऱ्याच्या वडिलांकडे तसं पाहायची मुभा या करारात नव्हती. कुणी ती स्पष्ट शब्दांत नाकारली असेल असंही नाही, अशा ठिकाणी न सांगताच सगळ्यांना कळतं.

वयाचा मुद्दा

"माणूस ८८ वर्षांचा होता, डायलिसिसवर होता, थोडी सूट द्याल की नाही?" असं बेनेगलांचे चाहते म्हणतात. सूट द्यायला हरकत नाही, पण कशाबद्दल ते ठरवून. सत्यजित राय यांना हृदयविकारानंतर डॉक्टरांनी स्टुडिओबाहेर जायची मनाई केली आणि १९८९ चा 'गणशत्रू' चार भिंतींत अडकला. कॅमेरा बसका झाला, नाटक नाटकच राहिलं. तरी देवळाच्या तीर्थात रोगजंतू आहेत म्हणणारा डॉक्टर त्यांनी आपल्या गावाविरुद्ध, आपल्याच प्रेक्षकाविरुद्ध उभा केला. शरीर थकलं, शंका थकली नव्हती. वयाची सूट द्यायची ती हालचालीला. नजरेला कशी देणार?

शिवाय बेनेगलांची नजर वयानं गेली नव्हती, याचा पुरावा त्यांनी स्वतःच ठेवला आहे. पंचाहत्तरी जवळ आली असताना त्यांनी 'वेलकम टू सज्जनपूर' केला, ज्यात श्रेयस तळपदेचा पत्रलेखक गावाची गुपितं लिहीत बसतो आणि मुन्नीबाई किन्नर निवडणुकीला उभी राहते. मग आला 'वेल डन अब्बा'. सरकारी योजनेतली विहीर कागदावर खणली जाते आणि ड्रायव्हर असलेला अब्बा विहीर चोरीला गेल्याची तक्रार घेऊन पोलिसांत जातो. मराठी प्रेक्षकाला मकरंद अनासपुरेचा 'जाऊ तिथे खाऊ' आठवेल. विनोदी, हलकेफुलके, समीक्षकांनी फारसे मनावर न घेतलेले हे सिनेमे. पण राजकारण खालून, तहसीलदाराच्या टेबलासमोरच्या बाकड्यावरून पाहायची सवय त्यात शाबूत आहे. उत्तरकाळातल्या बेनेगलांचं राजकारण शोधायचं तर मी आधी इथं शोधीन.

ढाक्यातला दगड

'अंकुर'च्या शेवटी एक पोरगं जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतं आणि पडदा लाल होतो. 'मुजीब'मध्ये दगड मारायला ते पोरगं नाही. बाहेर मात्र होतं. ५ ऑगस्ट २०२४ ला हसीना देश सोडून गेल्या आणि ढाक्यात जमावानं मुजीब यांचे पुतळे पाडले, धानमंडीचं ते ३२ नंबरच्या रस्त्यावरचं घर पेटवलं. २३ डिसेंबरला बेनेगल गेले. नव्वदी पूर्ण होऊन ९ दिवस झाले होते. शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत सरकारी इतमामात निरोप झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जमावानं यंत्रं आणून ते घरही पाडलं. मे महिन्यात, सिनेमात हसीना झालेल्या नुसरत फारिया या अभिनेत्रीला ढाक्याच्या विमानतळावर अटक झाली. आंदोलनकाळातल्या खुनाच्या प्रयत्नाच्या प्रकरणात. दोन दिवसांनी जामीन मिळाला.

घर पाडल्याची दृश्यं आली त्या रात्री माझ्या स्नेह्यांचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "आता त्या सिनेमाला नावं ठेवायची लाज वाटते रे. ज्याला सगळेच दगड मारतायत, त्याच्यावर आपण आणखी एक कशाला?"

मी म्हणालो, "तो दगड आणि हा दगड एक नव्हे."

मला अजूनही तसंच वाटतं. घर पाडणाऱ्यांनी मुजीब यांची चिकित्सा केली नाही. त्यांनी पूजेची फक्त दिशा उलटी केली. आणि चिकित्सा टाळणाऱ्या सिनेमानं मुजीब यांचं रक्षण केलं नाही. दुष्काळ, एकपक्षीय राजवट, बंद पडलेली वर्तमानपत्रं यांसकट मुजीब मोठे होते, हे सांगणारा सिनेमा बेनेगल करू शकले असते, तर आज त्या माणसाच्या बाजूनं बोलायला तो उपयोगी पडला असता. निर्दोष मुजीब एका सरकारच्या कामाचा होता आणि त्या सरकारबरोबरच गेला.

तेव्हा माझा निवाडा असा. बेनेगल विकले गेले नाहीत. त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं, दुसऱ्याच्या पैशावर सिनेमा काढला. फक्त या वेळी पैसा देणाऱ्याकडे पाहायचं सोडलं. 'मुजीब' त्यांच्या दुबळ्या सिनेमांपैकी एक आहे, आणि त्यांच्या उत्तरकाळातलं सर्वोत्तम राजकीय काम दहा भागांत, जुजबी सेटवर, खुर्च्यांवर बसून वाद घालणाऱ्या माणसांमध्ये आहे. माझे स्नेही हे अर्धंच मान्य करतात. मालिकेला सिनेमा म्हणायला त्यांचं मन धजत नाही. या दिवाळीत आम्ही ती पुन्हा पाहायला बसणार आहोत. 'संविधान'चे दहाही भाग यूट्यूबवर आहेत, तिकीट लागत नाही. फराळाची ताटं आवरली की तुम्हीही पाहा, आणि पाहून झाल्यावर वाद घाला.